अंगणातली कोळशाची शेगडी: कोणती हत्यारं खरंच लागतात?

रानवारा (पुणे)

दिवाळी उरकली की गच्च्यांवर आणि शेतावर शेगड्या निघायला लागतात, आणि "ग्रिल घ्यायचंय, कुठलं चांगलं?" हा प्रश्न सुरू होतो. माझं उत्तर दरवर्षी तेच असतं. शेगडी कुठलीही घ्या, पण सगळे पैसे तिच्यावरच घालवू नका. भाजलेलं बाहेरून करपतं आणि आतून कच्चं राहतं ते विस्तव आपल्या ताब्यात नसतो म्हणून. तेव्हा आधी विस्तव ताब्यात ठेवणाऱ्या वस्तू घ्याव्यात.

पहिल्या दिवसापासून हव्यात अशा माझ्या चार वस्तू:

एक, कोळसा पेटवायची चिमणी. पत्र्याचं, दोन्ही तोंडांनी उघडं नळकांडं, आत खालच्या बाजूला जाळी आणि बाहेर मूठ. जाळीखाली वर्तमानपत्राचे दोन बोळे, वर कोळसा. हवा खालून ओढली जाते आणि १५ ते २० मिनिटांत वरच्या कोळशांवरही पांढरी राख धरते. मग शेगडीत ओतायचं. रॉकेल लागत नाही, त्यामुळे पहिल्या घाण्याला रॉकेलचा वास येत नाही. पेट्रोल किंवा थिनरचं तर नावही काढू नका.

दोन, लांब चिमटे. एक निखाऱ्यांचा आणि एक खाण्याच्या वस्तूंचा, अशी जोडी. १४ ते १६ इंच तरी हवेत. पोळीच्या चिमट्याने हाताचे केस जळतात आणि घाईत तुकडा खाली पडतो.

तीन, मांसाच्या तुकड्यात टोचायचा थर्मामीटर, आतून शिजलंय का ते कळायला.

चार, झाकणाची लोखंडी बादली, राखेसाठी. या वस्तूकडे सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. वरून मेलेल्या दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही धगधगता निखारा सापडू शकतो. राख ४८ तास झाकून ठेवा आणि मगच टाका. प्लॅस्टिकच्या पिशवीत किंवा वाळलेल्या पाल्यावर कधीही नाही.

पेटीत घालून विकतात ते १८-२० वस्तूंचे सेट मला अजिबात पटत नाहीत. त्यातली निम्मी हत्यारं पेटीतच राहतात आणि जी लागतात ती पातळ पत्र्याची असतात. तुमच्याकडे काय आहे, कशाशिवाय चालत नाही, ते लिहा. गॅसच्या ग्रिलवाल्यांचंही स्वागत आहे, पण हा धागा मुख्यतः कोळशाचा.

खारा_वारा (मालवण)

तुमच्या यादीत मासळीवाल्यांची मुख्य वस्तूच नाही: मुठीची, दुमडती जाळी. दोन जाळ्या बिजागरीने जोडलेल्या असतात. मधे बांगडे ठेवायचे, कडी लावायची आणि अख्खी जाळीच उलटायची. बांगडा नुसत्या ग्रिलवर टाकून चिमट्याने उलटलात तर कातडी वर चिकटून राहणार आणि ताटात काटे येणार.

जाळी आधी विस्तवावर चांगली तापू द्या. माशाचं पाणी फडक्याने टिपा, मग मसाला, आणि तेल माशाला लावा, जाळीला नको. जाळीचं तेल जळून जातं. मासा टाकल्यावर हात आवरा. खालची बाजू नीट भाजली की तो आपणहून सुटतो. ओढायला लागतंय म्हणजे अजून वेळ आहे.

आणि कोळशाचं एवढं कौतुक असलं तरी आमच्याकडे सोडणं (नारळाची वरची तंतूंची साल) आणि करवंट्या आहेत. करवंटीचा निखारा कडक आणि जवळजवळ बिनधुराचा. सोडणाचा धूर जास्त, पण बांगड्याला तो शोभतो. सुरमईच्या तुकडीला मात्र नको, तिची चव नाजूक असते.

तिखटमीठ (नाशिक)

चिमणी पटली, बादली पटली. थर्मामीटर नाही पटला. आपल्याकडे चिकन आधी दही-आल्यात मुरवतात आणि नीट भाजतात. माझी आई सुरीने चीर देऊन बघायची, पाणी स्वच्छ आलं की झालं. शेगडीपाशी बसून अंश मोजत बसायचे म्हणजे त्यातली मजाच गेली.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

तिखटमीठ, इथे पहिली काही वर्षं मीही थर्मामीटरशिवायच भाजत होतो आणि कुणाला काही झालं नाही. तरी मी रानवारांच्या बाजूने आहे. कारण "नीट भाजतात" याचा अर्थ बहुतेक घरांत "जरा जास्तच भाजतात" असा होतो. चिकनच्या छातीचा तुकडा ७४ अंश सेल्सिअसला सुरक्षित होतो. ८५ ला तोच कोरडा, तंतूतंतू झालेला असतो. चीर दिली की रस बाहेर जातो, आणि मसाल्याचा लाल रंग लावलेल्या तुकड्यात आतलं पाणी स्वच्छ आहे की नाही हे संध्याकाळच्या उजेडात कळतही नाही.

इथल्या कृषी खात्याचे आकडे लक्षात ठेवायला सोपे आहेत: कोंबडी, अख्खी असो वा खिमा, ७४. मटणाचा खिमा ७१. मटणाचे मोठे तुकडे किंवा चाप ६३ आणि मग तीन मिनिटं विसावा. मासा ६३. खिम्याला जास्त का? तर पृष्ठभागावरचे जंतू खिमा करताना आतपर्यंत मिसळले जातात. सुई सगळ्यांत जाड भागात, हाडाला न लावता टोचायची. हाड वेगळं तापतं आणि आकडा फसवा येतो.

रानवारा (पुणे)

हडसनकाठ, आभार. त्यात एक भर घालतो. थर्मामीटर घरी आणल्यावर तपासून घ्या. बर्फाचा चुरा भरलेल्या पेल्यात थोडं पाणी घालून ढवळा, ० दाखवायला हवा. उकळत्या पाण्याने तपासत असाल तर गावाची उंची लक्षात घ्या. मुंबईत १०० अंश बरोबर, पण पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथे पाणी ९८ च्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला ९५-९६ लाच. पुण्यात ९८ दाखवणारा थर्मामीटर बिघडलेला आहे असं समजून परत करू नका.

तिखटमीठ, आईंच्या अंदाजाबद्दल पूर्ण आदर. तो रोजच्या चुलीवर तयार झालेला अंदाज होता. वर्षातून चारदा शेगडी पेटवणाऱ्याकडे तो येत नाही, म्हणून हे यंत्र.

उंबरठा (कोल्हापूर)

मला विकतची नको आहे. आमच्या गल्लीत फॅब्रिकेशनवाला आहे, त्याच्याकडून करून घ्यायची आहे. मापं कुणी सांगेल का? आणि त्याच्याकडे जीआयची जाळी शिल्लक आहे, फुकट देतो म्हणतोय.

ऐरण (सांगली)

उंबरठा, जीआयची जाळी फुकट मिळाली तरी घेऊ नका. हे मी पोटतिडकीने सांगतोय, माझा धंदाच हा आहे. जीआय म्हणजे लोखंडावर जस्ताचा मुलामा. जस्त साधारण ४२० अंशांना वितळतं आणि चांगल्या निखाऱ्याचं तापमान त्याच्या कितीतरी वर जातं. त्या जस्ताचा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. जीआयवर वेल्डिंग करणाऱ्या प्रत्येकाला हा ताप माहीत आहे. खाण्याच्या वस्तूखाली तो मुलामा नकोच. हीच गोष्ट जीआयच्या बादलीची: राखेला चालेल, पण तिच्यात विस्तव पेटवून वर जाळी टाकू नका.

आता मापं. सीख आणि जाळी दोन्ही वापरायची असतील तर लांबट, अरुंद शेगडी करा. आतून २४ इंच लांब, ७ इंच रुंद, ५ इंच खोल. रुंदी ७ च्या वर नेऊ नका, कारण सळईची दोन्ही टोकं काठावर टेकली पाहिजेत आणि मधलं मांस जाळीशिवाय निखाऱ्यावर अधांतरी राहिलं पाहिजे. सीख कबाब जाळीवर ठेवला की चिकटतो; अधांतरी भाजला तर चिकटायला काही नसतंच.

पत्रा एमएसचा (माइल्ड स्टील, म्हणजे साधं पोलाद), ३ मिमी. पातळ घेतला तर दोन मोसमांत पिळवटतो. खालच्या अंगाला दोन्ही बाजूंनी १० मिमीची भोकं, दोन-दोन इंचांवर. तळाच्या वर एक इंचावर सळयांची छोटी चौकट टाका, त्यावर कोळसा राहील आणि राख खाली पडेल. खालून हवा चालू राहते. पाय असे लावा की काठ तुमच्या कमरेच्या उंचीला येईल. जमिनीवर उकिडवं बसून दोन तास भाजणं पाठीला परवडत नाही. आतून रंग अजिबात नको. बाहेरून द्यायचाच तर उष्णता सोसणारा काळा.

वरची जाळी ८ मिमी गोल एसएस (स्टेनलेस स्टील) सळयांची, मधे १०-१२ मिमी फट. स्टेनलेसमध्ये ३०४ ग्रेड मागा. दुकानदार चुंबक लावून दाखवतात, "बघा, चिकटत नाही, ३०४ आहे". त्यावर जाऊ नका. २०२ लाही चुंबक चिकटत नाही आणि ते स्वस्त असतं, लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या.

उंबरठा (कोल्हापूर)

ऐरणदादा, खूप खूप आभार. हे जसंच्या तसं छापून त्याच्याकडे नेतो. जुना २०० लिटरचा ड्रम उभा कापून त्याची शेगडी करायची आयडिया मित्राने दिली होती, ते कसं?

ऐरण (सांगली)

ड्रममध्ये आधी काय होतं ते नक्की माहीत असल्याशिवाय नाही. रसायनाचा ड्रम असेल तर रिकामा दिसला तरी आत वाफ असते. गॅस कटर लावताना असे ड्रम फुटून माणसं गेली आहेत. आणि कापून झाल्यावरही आतलं अस्तर तापून त्याचा धूर तुमच्या कबाबाला लागणार. पत्रा नवा घ्या, फरक फार नाही.

भायखळा_लोकल (मुंबई)

सळयांबद्दल मी लिहितो, घरात रोजचा विषय आहे.

गोल सळई टिक्क्याला घेऊ नका. सळई फिरवली की नुसती सळईच फिरते, तुकडा तिथेच लटकतो आणि एकच बाजू भाजत राहते. चौकोनी घ्या, नाहीतर चपटी. खिम्याच्या सीख कबाबाला जाड चौकोनी सळई, साधारण १० मिमी. पातळ सळईवर खिमा धरत नाही, गरम झाला की लोंबून खाली गळतो. पनीर आणि भाज्यांना मात्र पातळ चपटी, नाहीतर तुकडे चिरतात. ऐरणभाईंच्या ७ इंची शेगडीला १६-१८ इंचाची सळई बरोबर बसेल, मूठ विस्तवापासून लांब राहील.

बांबूच्या काड्या वापरणार असाल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. तरी उघडी टोकं जळतातच. त्यांच्याखाली निखारा ठेवू नका, एवढंच.

आणि खिमा लावताना हात ओला, खिमा थंडगार. यापेक्षा मोठं हत्यार नाही.

पानगळ (जळगाव)

शाकाहारी लोकही शेगडी पेटवतात बरं का! आमच्याकडे थंडीत भरिताची वांगी काट्यांच्या जाळावर भाजतात, कोळसासुद्धा नाही. त्याला हत्यार एकच: लांब लोखंडी चिमटा. वांगं आधी सुरीने टोचून घ्यायचं, नाहीतर फुटून गरम गर अंगावर येतो.

माझा प्रश्न वेगळा आहे. आमच्या मित्रमंडळात निम्मे शाकाहारी आहेत. एकाच शेगडीवर कसं जमवता?

रानवारा (पुणे)

पानगळ, दोन जाळ्या आणि चिमट्यांच्या दोन जोड्या. शाकाहारी जाळीच्या एका सळईला मी तांब्याची तार गुंडाळून ठेवली आहे, म्हणजे अंधारातही हाताला कळतं. आधी भाज्या, कणसं, पनीर. ते सगळं उचलून झालं की जाळी बदलायची आणि मग चिकन. क्रम उलटा केला तर चरबीचा धूर पनीरला लागतो आणि समोरचा माणूस नुसतंच नको म्हणून बसून राहतो. शक्य असेल तर दोन छोट्या शेगड्या, हे सगळ्यांत उत्तम. पाहुण्याने निर्धास्त खावं म्हणून एवढं करायलाच हवं असं मला वाटतं.

मांसाहारी बाजूलाही एक शिस्त: कच्चं ज्या ताटातून आणलं त्या ताटात भाजलेलं परत ठेवायचं नाही. मुरवलेला मसाला वरून लावायचा असेल तर आधीच वाटीभर बाजूला काढा. कच्च्या चिकनमधला उरलेला मसाला शेवटच्या मिनिटाला ब्रशने फासणं मला पाहवत नाही.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

ब्रशवरून आठवलं. जाळी घासायला तारेचा ब्रश असेल तर आजच टाकून द्या. त्याची तार तुटते, जाळीला चिकटते आणि घासाबरोबर पोटात जाते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) ऱ्होड आयलंडमधले असे सहा रुग्ण नोंदवले होते. कुणाच्या घशात तार रुतली होती, कुणाच्या आतड्यात. जाळी गरम असताना लांब काट्याला अर्धा कांदा टोचून घासा आणि मग चिमट्यात तेलाचं फडकं धरून पुसा. तारा नसलेली घडीची स्टीलची घासणीही चालते, पण नंतर जाळी पुसायचीच.

आता झाकणाबद्दल. इथे बहुतेकांकडे गोल किटली ग्रिल असतं. १९५२ साली शिकागोजवळच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समध्ये जॉर्ज स्टीफन नावाच्या कामगाराने समुद्रात तरंगणाऱ्या बोयाचे दोन अर्धे भाग घेऊन पहिलं ग्रिल बनवलं, त्याचाच हा वंश. झाकणाचा उपयोग वारा अडवण्यापुरता नाही. खालची आणि वरची झडप कमीजास्त करून हवा किती आत जाईल ते ठरवता येतं, आणि विस्तव किती भडकेल ते हवा ठरवते. झडप अर्धी बंद केली की विस्तव मवाळ होतो.

निखारे सगळीकडे सारखे पसरू नका. एका अर्ध्या भागात ढीग, दुसरा अर्धा रिकामा. ढिगावर रंग आणायचा आणि रिकाम्या बाजूला सरकवून, झाकण लावून आतपर्यंत शिजू द्यायचं. तंगडीसाठी दुसरी पद्धत मला माहीत नाही. चरबी गळून जाळ उठला तरी हेच: तुकडे बाजूला घ्या, झाकण लावा. पाणी मारू नका, राख उडून अन्नावर बसते.

विस्तव किती आहे हे बघायला तळहात जाळीच्या वर वीतभर धरा. दोन-तीन सेकंदांत काढावा लागला तर कडक, चार-पाच सेकंद सोसला तर मध्यम.

तिखटमीठ (नाशिक)

हे दोन भागांचं अरुंद शेगडीत कसं करायचं? आणि झाकण तर नाहीच.

ऐरण (सांगली)

२४ इंच लांबीत १४ इंच निखारे, १० इंच मोकळे. झाकणाच्या जागी ॲल्युमिनियमची खोल परात उपडी घाला, वर लाकडी मूठ बसवून घ्या. चिकन हंडीसारखं दम धरतं.

भटका_विमुक्त (ठाणे)

थंडीत पवनेच्या काठी तंबू आणि बार्बेक्यू असा बेत करणाऱ्यांसाठी एक कळकळीची सूचना. जेवण झाल्यावर "उबेला राहू दे" म्हणून शेगडी तंबूत घेऊ नका. विझत आलेला कोळसा कार्बन मोनॉक्साइड सोडतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. झोपेतला माणूस उठतच नाही. तंबूची चेन थोडी उघडी ठेवली म्हणजे भागतं असं समजू नका. काच लावलेली बाल्कनी आणि शटर अर्धं ओढलेलं गॅरेज यांनाही हेच लागू. माझ्यासाठी ही धाग्यातली पहिली वस्तू: उघडं आकाश.

पानगळ (जळगाव)

ही माहिती सगळ्यांपर्यंत जायला हवी. धन्यवाद.

मधली_सुट्टी (पुणे)

आमच्या सोसायटीत गच्चीवर परवानगी आहे. फरशी तडकेल का? आणि हातात काय घालायचं? ओव्हनचे कापडी हातमोजे आहेत.

रानवारा (पुणे)

फरशी नक्की तापते आणि खालच्या वॉटरप्रूफिंगचा थर त्याहून नाजूक असतो. पायाच्या शेगडीखाली विटांचा एक थर पसरा, त्यावर पत्रा. टाकीच्या प्लॅस्टिकच्या पाइपांपासून आणि वाळत घातलेल्या कपड्यांपासून लांब. बाजूला वाळूची एक बादली आणि पाण्याची एक. वारा कुठल्या घराच्या खिडकीकडे वाहतोय ते पेटवण्याआधी बघा आणि त्या घरात जाऊन सांगून या. बोलावणंही करा.

हातमोजे: वेल्डिंगवाले वापरतात ते चामड्याचे, कोपरापर्यंतचे. बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानांत मिळतात. ओव्हनचे मोजे ओले झाले की त्यांचा उपयोग संपतो. ओल्या कापडातून चटका लगेच आत येतो.

हडसनकाठ (न्यू जर्सी)

इकडच्या मंडळींनी अपार्टमेंटच्या बाल्कनीत पेटवण्याआधी भाडेकरार आणि गावाचा अग्निसुरक्षा नियम वाचा. बऱ्याच ठिकाणी जळू शकणाऱ्या बांधकामापासून १० फुटांच्या आत कोळशाची शेगडी चालत नाही. अनेक सार्वजनिक बागांमध्ये बसवलेली लोखंडी ग्रिल असतात. आपला कोळसा, आपली चिमणी आणि आपली जाळी घेऊन जायचं.

मधली_सुट्टी (पुणे)

कोळसा कुठला? दुकानात चौकोनी वड्याही मिळतात.

खारा_वारा (मालवण)

वखारीतला लाकडी कोळसा लवकर पेटतो, जास्त तापतो, ठिणग्या उडवतो. घेताना वाजवून बघा: खणखणीत आवाज आला तर पक्का भाजलेला, भद्द वाजला तर आत लाकूड कच्चं आहे, धूर करणार. चुरा जास्त असेल तर पोतं घेऊ नका, चुऱ्याने हवा कोंडते. करवंटीच्या कोळशाच्या वड्या सावकाश पेटतात पण एकसारख्या बराच वेळ चालतात, तंगडीला त्या बऱ्या. दगडी कोळसा खाण्याच्या वस्तूखाली चुकूनही नको, त्यात गंधक असतं.

आणि विकतच्या फुंकणी-ब्लोअरची गरज नाही. ताडाचा हातपंखा घ्या. त्याने वारा हवा तिथे आणि हवा तेवढाच जातो.

उंबरठा (कोल्हापूर)

शेगडी तयार झाली, मापं तंतोतंत. परात पण मिळाली. शेवटचा प्रश्न, ऐरणदादा: पावसाळ्यात हिला ठेवू कुठे? आमच्याकडे जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा ओल्या असतात.

ऐरण (सांगली)

पहिल्या वापराआधी रिकामी शेगडी तासभर कडक विस्तवाने तापवा, म्हणजे पत्र्यावरचं तेल आणि वेल्डिंगची घाण जळून जाईल. कोमट असताना आतून-बाहेरून जवसाच्या किंवा शेंगदाण्याच्या तेलाचा पातळ हात, आणि परत तापवा. तीन-चार वेळा केलं की काळा थर धरतो, बिडाच्या तव्यासारखा.

पावसाळ्याआधी राख शेवटच्या चिमटीपर्यंत काढा. राख ओल धरते आणि तिच्याखालचा पत्रा आधी कुजतो. शेगड्या तळातूनच का जातात त्याचं हेच कारण. मग तेलाचं फडकं फिरवून घरात आडोशाला, पाय विटेवर. प्लॅस्टिकचा कागद घट्ट गुंडाळू नका, आत घाम धरतो. जुनं सुती धोतर किंवा पोतं पुरे. सळया तेल लावून वर्तमानपत्रात. ऑक्टोबरात गंजाचे ठिपके दिसले तर घाबरू नका, घासणी मारा आणि एकदा रिकामी तापवा.

उंबरठा (कोल्हापूर)

नोंद केली. येत्या रविवारी मालवणची जाळी आणि भायखळ्याच्या सळया दोन्ही चढतील, फोटो इथेच टाकतो.